भिंतीची नाडी

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिकेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी समितीने आम्हा दोघा भावंडांना बोलावलं, याबद्दल प्रथम आभार मानतो. आमच्यापैकी एक जण तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकवतो आणि दुसरी बांधकामावर अभियंता म्हणून काम करते. दोघंही याच अभ्यासिकेच्या सतरंजीवर बसून दहावी-बारावी झालो. समोर बसलेल्या कित्येक आजी-मावश्यांनी आम्हाला चड्डी सावरत पळताना पाहिलेलं आहे. तेव्हा व्याख्याते म्हणून इथे उभं राहायला जरा संकोचच वाटतो. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं, ही विनंती.

समितीने विषय आमच्यावर सोपवला होता. आम्ही आमच्या कामातलाच विषय घेतला आहे. इमारत किंवा पूल आजारी पडला, हे तो न तोडता, न खोदता कसं ओळखायचं? जगभरातल्या विद्यापीठांत या प्रश्नावर कित्येक वर्षं संशोधन चालू आहे. ते काय आहे, त्यातून काय हाती लागलं आणि आपल्यासारख्या माणसांनी त्यातून काय घ्यावं, एवढंच आज सांगायचं आहे.

काचेची पट्टी

सुरुवात आपल्याच गल्लीतून करू. आम्ही लहानाचे मोठे झालो ती चार मजली इमारत तुम्हा सर्वांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या जिन्याजवळच्या खांबाला भेग पडली. रहिवाशांनी एका अभियंत्यांना बोलावून आणलं. त्यांनी भेगेवर आडवी काचेची एक पातळ पट्टी ठेवली, तिची दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. म्हणाले, "काच फुटली तर मला लगेच कळवा. नाही फुटली, तर भेग सध्या वाढत नाही असं समजा." गल्लीतली पोरं येता-जाता काच शाबूत आहे का बघायची.

पुढे इमारतीत लग्न निघालं. रंगारी आले. त्यांनी भेगेत लांबी भरली, काचेची पट्टी खरवडून काढली आणि वरून छान रंग मारला. जिना उजळून निघाला. आम्ही दोघं तेव्हा अभियांत्रिकी शिकत होतो. ती पट्टी कशासाठी आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण लग्नघरात कशाला विरजण घालायचं, म्हणून गप्प बसलो.

पुढच्या पावसाळ्यात एका पहाटे जिन्याच्या स्लॅबचा मोठा तुकडा खाली आला. दूध टाकणारा पोरगा दोनच मिनिटांपूर्वी वर गेला होता, म्हणून वाचला. मग लोखंडी टेकू लागले, घरं रिकामी झाली, कुणी भावाकडे तर कुणी मेहुण्याकडे संसार मांडला. ती काच केव्हा फुटली असती, हे आता कोणीच सांगू शकत नाही. भेग बुजवण्याने फारसं बिघडलं नसतं. पण ती वाढते आहे की नाही हे सांगणारी एकुलती एक खूण आपण पुसून टाकली, आणि ज्यांना कळत होतं ते आम्ही तोंड मिटून बसलो.

मित्रहो, ती काचेची पट्टी म्हणजे गरिबाचा सेन्सर. विद्यापीठांतले संशोधक तोच विचार घेऊन पुढे गेले आहेत.

मडकं वाजवून घेणं

सेन्सर म्हणजे काय? आपल्याला जे डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, ते टिपणारं छोटं उपकरण. यातलं सर्वांत जुनं आणि साधं म्हणजे स्ट्रेन गेज, ताणमापी पट्टी. बारीक तार ताणली की लांब आणि पातळ होते आणि तिच्यातून वीज जायला अडथळा वाढतो. ही तार खांबाला किंवा गर्डरला चिकटवली की गर्डर किती ताणला गेला हे विजेच्या आकड्यावरून कळतं. १९३८ साली अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत, कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स यांनी आणि मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी.मध्ये आर्थर रूज यांनी, एकमेकांना ठाऊक नसताना ही पट्टी तयार केली. रूज त्या वेळी भूकंपात पाण्याच्या टाकीचं काय होतं याचा अभ्यास करीत होते.

दुसरा प्रकार आपल्या स्वयंपाकघरातच आहे. गॅस पेटवायचा लायटर टक् करून दाबला की ठिणगी पडते. अशा लायटरमध्ये एक खडा असतो. त्याच्यावर दाब पडला की वीज तयार होते. पिएर आणि जॅक क्यूरी या भावांनी १८८० साली हा गुण दाखवून दिला. याच गुणाच्या पातळ चकत्या काँक्रीटला किंवा पोलादाला चिकटवता येतात. त्यांना वीज दिली की त्या बारीक थरथरतात, आणि ज्याला त्या चिकटल्या आहेत त्याची प्रकृती बदलली की त्यांच्या विजेच्या आकड्यातही बदल होतो. आपल्याकडे दिल्लीच्या आय.आय.टी.त या चकत्यांवर बरंच काम झालेलं आहे.

तिसरा प्रकार पुन्हा काचेचा! केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूवर ठराविक अंतराने सूक्ष्म खुणा करतात. त्यातून प्रकाश सोडला की एकच ठराविक रंग परत येतो. तंतू ताणला गेला की परत येणारा रंग किंचित बदलतो. कॅनडात कॅलगरी शहरातल्या एका नव्या पुलात १९९३ साली टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी असे तंतू बसवले होते. आमच्या जिन्यातली काच फुटली तरच बोलणार होती. ही काच न फुटताच सांगते.

चौथा प्रकार कंपन मोजणारा. हा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

बाजारात माठ घेताना आपली आजी काय करते? बोटाच्या पेरांनी टकटक वाजवून बघते. पक्का माठ खणखणतो, तडा गेलेला माठ भद्द बोलतो. तडा दिसत नसतो, पण आवाज लपत नाही. पुलाचंही तसंच आहे. प्रत्येक पूल, प्रत्येक इमारत आपल्या आपल्या लयीत हलत असते. एका सेकंदाला किती वेळा हलायचं हे तिच्या वजनावर आणि ताठरपणावर ठरतं. भेग पडली, गंज चढला, सांधा ढिला झाला की ताठरपणा कमी होतो आणि लय मंदावते. वाऱ्याने, वाहनांनी पूल कायम थोडाथोडा हलतच असतो. सेन्सर लावून ती लय मोजत राहायची. हीच पुलाची नाडी.

डॉक्टरसुद्धा नाडी पाहून एकदम ऑपरेशन करत नाहीत. डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग विद्यापीठात आंडर्स रिटर यांनी १९९३ साली आपल्या प्रबंधात या तपासणीच्या चार पायऱ्या मांडल्या, त्या आजही शिकवल्या जातात. नुकसान झालंय का? कुठे झालंय? किती झालंय? आणि आता हे बांधकाम आणखी किती दिवस टिकेल? एकेक पायरी वर जावं तसं काम कठीण होत जातं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणं फार थोड्या वेळा जमतं.

गर्डर कापला तरी आकडा हलेना

ऐकायला हे सोपं वाटतं. सेन्सर लावा, आकडा घटला की घंटा वाजवा. पण खरंच तसं होतं का, हे बघायला पूल मोडून बघावा लागतो. चालता पूल कोण मोडू देणार? म्हणून संशोधक पाडायला काढलेल्या पुलांच्या शोधात असतात.

१९९३ साली अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात रिओ ग्रांदे नदीवरचा महामार्गाचा एक जुना पूल पाडायचा होता. तिथलं राज्य विद्यापीठ आणि लॉस अलामोसची प्रयोगशाळा यांनी तो मागून घेतला. पुलाचा पोलादी गर्डर सुमारे दहा फूट उंचीचा. तो गॅस कटरने चार टप्प्यांत कापत गेले. आधी मधोमध दोन फुटांचा काप, मग तो खालपर्यंत वाढवला, मग खालची पट्टी अर्धी कापली आणि शेवटी पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर पुलाची लय मोजली. ती सेकंदाला सुमारे अडीच हेलकाव्यांची होती. पहिल्या दोन कापांनंतर लय घटली तर नाहीच, उलट किंचित वाढलेली दिसली! शेवटी खालची पट्टी आरपार कापली तेव्हा कुठे आकडा स्पष्ट खाली आला.

दहा फुटी गर्डरला माणसाच्या उंचीएवढी जखम, आणि नाडी म्हणते सगळं ठीक आहे. हे आम्ही वर्गात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचाही विश्वास बसला नव्हता. एकच एक आकडा धरून बसलं तर मोठी जखमही नजरेतून सुटते, हा तिथला धडा.

हलगी शेकल्याशिवाय वाजत नाही

दुसरा पूल स्वित्झर्लंडमधला. नाव फक्त झेड-२४. १९६३ साली बांधलेला काँक्रीटचा छोटा पूल, मधला गाळा ३० मीटरचा, खालून बर्न-झुरिक महामार्ग. रेल्वेचं काम निघालं म्हणून १९९८ साली तो पाडायचा ठरला. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाने आणि स्वित्झर्लंडच्या सरकारी प्रयोगशाळेने त्याच्यावर जवळजवळ वर्षभर सेन्सर लावून ठेवले. नुसती लय नाही, तर हवेचं तापमान, पुलाच्या अंगातलं तापमान, वारा, पाऊस असं सगळं मोजलं. आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत त्याला मुद्दाम इजा केली. एक खांब काही सेंटिमीटर खाली बसवला, काँक्रीट फोडलं, आतल्या ताणलेल्या तारा तोडल्या.

निघालं काय? थंडीत तापमान शून्याखाली गेलं की पुलाची लय एकदम वाढायची. पुलावरचा डांबराचा थर गोठून कडक व्हायचा आणि सगळा पूल जास्त ताठ व्हायचा. वर्षभरात नुसत्या हवामानाने लयीत जेवढा फरक पडला, तो काही इजांनी पडलेल्या फरकाहून मोठा होता. म्हणजे आज आकडा घटला तर पूल जखमी झाला, की नुसती ऊन्ह वाढली?

आपल्या वाजवणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको. पावसाळी हवेत हलगीचा आवाज बसतो. म्हणून काय कातडं फाटलं? जाळावर शेकली की पुन्हा कडाडते. हलगीवाल्याला माहीत असतं, आवाज हवेने बसलाय की कातडं गेलंय. त्याने ती हलगी सगळ्या ऋतूंत ऐकलेली असते. झेड-२४ ने संशोधकांना हेच शिकवलं. बांधकाम ठणठणीत असताना त्याचे सगळे ऋतू टिपून ठेवा. दुखायला लागल्यावर मोजायला गेलात तर तुलना कशाशी करणार? त्या पुलाचे आकडे जगभरच्या संशोधकांना खुले केले गेले. आज पूल नाही, पण नवी पद्धत शोधणारे विद्यार्थी अजून त्या आकड्यांवर आपली पद्धत पारखून बघतात.

सेन्सरला स्वतःहून भेग दिसत नाही. तो फक्त आकडा देतो. आकडा आणि इजा यांच्यामध्ये माणसाचा अभ्यास लागतो.

घमेल्यांची रांग

आता तुम्ही म्हणाल, लांबलचक पुलावर एवढे सेन्सर लावायचे तर तारा किती लागतील? खर्च तिथेच व्हायचा. म्हणून १९९० नंतर अमेरिकेतल्या स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठांत बिनतारी सेन्सरवर काम सुरू झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर २००६ च्या सुमारास बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ बिनतारी सेन्सर बसवले. या पुलाचा मधला गाळाच १२८० मीटरचा. लांबचा सेन्सर एवढ्या दूर थेट बोलू शकत नाही. मग काय केलं? स्लॅब टाकायच्या दिवशी आपली माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात पुढे देतात ना, तसं. एका सेन्सरने आपली माहिती शेजारच्याला दिली, त्याने पुढच्याला. अशा ४६ टप्प्यांपर्यंत माहिती हातोहात गेली.

आपल्या देशातलं काम तर फार चतुराईचं आहे. कानपूरच्या आय.आय.टी.त कामेश्वरी चेब्रोलू, भास्करन रामन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेल्वे पुलांसाठी एक यंत्रणा तयार केली. तिच्यावरचा शोधनिबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. रेल्वेचे पूल गावाबाहेर, तिथे वीज नाही, रोज जाणार कोण? बॅटरी जपायची म्हणून सेन्सर बहुतेक वेळ झोपून राहतात. गाडी जवळ येऊ लागली की तिच्यावरच्या यंत्राची चाहूल लागून ते जागे होतात, गाडी पुलावरून जाताना कंपन मोजतात, आणि ती माहिती एखाद्या जाणाऱ्या गाडीवरच चढवून देतात. म्हणजे पुलाची चिठ्ठी नेणारा पोस्टमन ती रेल्वेगाडीच!

न विचारलेला प्रश्न

आता जे सांगायचं आहे ते जरा मनाला लागणारं आहे.

अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात मिसिसिपी नदीवर १९६७ साली सुरू झालेला महामार्गाचा पोलादी पूल होता. त्याच्या काही भागांत तडे सापडले होते. म्हणून मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या पोलादी सांगाड्यावर स्ट्रेन गेज लावले, वजनदार ट्रक उभे करून आणि चालवून ताण मोजले आणि २००१ साली अहवाल दिला. त्यांना प्रश्न असा होता की वाहनांच्या सततच्या ये-जा करण्याने पोलाद थकून या सांगाड्यात तडे जातील का? उत्तर आलं, तसं होण्याची शक्यता वाटत नाही.

१ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास, ऐन गर्दीच्या वेळी तो पूल नदीत कोसळला. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली.

चौकशी झाली. पोलाद थकून पूल पडला नव्हता. म्हणजे विद्यापीठाचं उत्तर चुकलेलं नव्हतं. दोष निघाला गसेट प्लेटमध्ये. सांगाड्याचे पोलादी दांडे जिथे एकत्र येतात तिथे त्यांना धरून ठेवणारी ही जाड प्लेट. काही सांध्यांवर ती अर्धा इंच जाडीची होती, हवी होती साधारण दुप्पट. चाळीस वर्षांपूर्वी कागदावरच झालेली चूक. मध्यंतरी रस्त्याचा थर वाढवला होता, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी वाळू, खडी आणि यंत्रं पुलावर नेमकी त्याच भागात ठेवलेली होती. तपास करणाऱ्यांनी जुने फोटो काढून पाहिले, तर १९९९ आणि २००३ सालच्या फोटोंत त्या प्लेटा वाकलेल्या दिसत होत्या. फोटो कपाटात होते. ते पाहून "हे असं का?" असं कोणी विचारलं नाही.

बंधू-भगिनींनो, इथे थोडं थांबा. चांगलं विद्यापीठ, चांगले संशोधक, चांगली उपकरणं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर. आणि तरी १३ माणसं गेली, कारण दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सेन्सर जिथे लावाल तिथलंच सांगतो, आणि जे विचाराल तेवढंच सांगतो.

त्याच जागी सप्टेंबर २००८ मध्ये काँक्रीटचा नवा पूल उभा राहिला. या पुलात बांधतानाच तीनशेहून अधिक सेन्सर बसवले गेले आणि त्यांचा अभ्यास त्याच मिनेसोटा विद्यापीठाने केला. ऊन लागून पुलाचा वरचा भाग तापतो, खालचा थंड राहतो, त्याने पूल कसा वाकतो, हे त्यांनी जन्मापासून टिपायला सुरुवात केली. ठणठणीत असतानाची नोंद, झेड-२४ ने सांगितलेली.

आपल्या जवळचं

हे सगळं लांबचं वाटेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. अंधारात, पावसात, एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहनं त्या तुटलेल्या पुलावरून नदीत गेली. दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. कोकणातून येणाऱ्या आपल्या नातलगांनी त्या पुलावरून किती वेळा ये-जा केली असेल!

जगभर पूल पडण्याच्या मोठ्या कारणांत पुराचं पाणी येतं. पाणी खांबाच्या पायाखालची वाळू-माती खरवडून नेतं आणि वरून पूल धडधाकट दिसतो. म्हणून खांब किंचित कलला की सांगणारे, पायाखालची माती किती खोल गेली हे मोजणारे सेन्सर, यावरही विद्यापीठांत मोठं काम चालू आहे. पण पूल पडायला काही मिनिटं पुरतात. सेन्सरने सांगितलेलं रात्री दीड वाजता कोण वाचणार आणि रस्ता बंद करायचा हुकूम कोण देणार, हे आधी ठरलेलं नसेल तर सेन्सर लावून उपयोग नाही.

मग आपण काय करायचं?

आजच सकाळी एका मामांनी आम्हाला विचारलं, "मग आपल्या इमारतीला लावा की हे सेन्सर! वर्गणी काढू." मामा, तुमची तळमळ आम्हाला कळते. पण खरं सांगायचं तर आपल्या तीन-चार मजली इमारतींना आधी लागतात ती साधी कामं. उपकरण विकत मिळेल. रोजचे आकडे वाचणारा, त्यांचा अर्थ लावणारा माणूस कुठून आणणार? तेव्हा जे आपल्या हातात आहे ते सांगतो.

पहिलं. इमारतीचे कागद जपा. नकाशे, आर.सी.सी.चे ड्रॉइंग, केव्हा काय दुरुस्ती केली त्याची बिलं. हीच इमारतीची ठणठणीत असतानाची नोंद. कित्येक सोसायट्यांत हे कागद सेक्रेटरी बदलला की नाहीसे होतात.

दुसरं. इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, टाळू नका. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. अहवाल आला की तो कपाटात ठेवू नका. बैठकीत मोठ्याने वाचा. न कळलेलं विचारा. मिनिआपोलिसचे फोटोही कपाटातच होते.

तिसरं. खांबाला किंवा तुळईला नवीन भेग, भेगेतून तांबूस गंजाचा ओघळ, स्लॅबचे पापुद्रे पडणं, काल नीट लागणारं दार आज अचानक घासणं, यातलं काही दिसलं तर रंगाऱ्याला बोलवू नका, अभियंत्याला बोलवा. आणि खांबातून मोठा आवाज आला किंवा भेग डोळ्यांदेखत वाढली, तर सामान आवरत बसू नका. माणसं घेऊन आधी बाहेर पडा.

चौथं. आम्ही एक वही केली आहे. साधी दोनशे पानी. ती अभ्यासिकेत राहील. गल्लीतल्या कुठल्याही घरात भेग दिसली तर तिची जागा, लांबी, तारीख त्यात लिहा. लिहिता येत नसेल तर अभ्यासिकेतल्या पोरांना सांगा, ती लिहितील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं ती वही वाचू आणि येऊन बघू. फी नाही. तेव्हा गप्प बसलो होतो, त्याची ही थोडी परतफेड समजा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. हे काम एकट्या स्थापत्य अभियंत्याचं नाही. यात इलेक्ट्रॉनिक्स लागतं, संगणक लागतो, गणित तर फार लागतं, आणि भेगेसमोर उभं राहून धीराने बघणारी नजर लागते. बांधकामावर घमेली वाहिलेल्या, सेंटरिंग केलेल्या माणसांची आपण मुलं आहोत. काँक्रीट कसं वागतं हे आपल्या घरात कळतं. त्या कळण्याला पुस्तकाची जोड द्या. आय.आय.टी.च्या, विद्यापीठांच्या प्रयोगशाळांचे दरवाजे तुम्हाला दुरून दिसतात तेवढे लांब नाहीत.

शेवटी एक सूचना. या विहाराच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीजवळ एक भेग आहे. कदाचित वरवरची असेल. आज सकाळी समितीच्या परवानगीने आम्ही तिच्यावर काचेची पट्टी लावली आहे आणि शेजारी आजची तारीख लिहिली आहे. वहीतली पहिली नोंद तीच आहे. बुद्धपौर्णिमेच्या आधी विहाराला रंग द्यायचा असं ठरतंय. रंग जरूर द्या. पण तेवढी पट्टी सोडून. रंगारी विसरला तर त्याला आठवण करून द्यायला कोणी लाजू नका.